वेट

सहावीच्या फळ्यावर मी एकच शब्द तीनदा लिहिला :
वेट, वेट, वेट.
आजचं, कालचं, आणि झालेलं.
या क्रियापदाला वेगळा भूतकाळ नाही, पोरांनो,
ते कालही असंच होतं.
प्रयाग उभी राहिली : "पण बाई,
कालचं ओलं आज वाळतंय की."
केजचा मार्च, दुपारचे साडेबारा.
तिला काय सांगणार होते मी?

पुस्तकातलं उदाहरण : मुलानं अंथरूण ओलं केलं.
सगळा वर्ग हसला, अफरोज सोडून.
मी डस्टर घेतलं आणि ते वाक्य
जरा जास्तच वेळ पुसत राहिले.

त्याच आठवड्यात अण्णांच्या आतड्याला पीळ पडला.
अंबाजोगाई, सरकारी दवाखाना, खिडकीकडची कॉट.
वर पाटीवर खडूनं तीन अक्षरं : एनबीएम.
शमीम सिस्टर म्हणाल्या, तोंडावाटे काही नाही,
पाणीसुद्धा नाही. कापसाचा बोळा बुडवा,
पिळा, आणि ओठ ओले करा.
ओले करायचे. पाजायचं नाही.
दोन क्रियापदांमधली एवढी अरुंद बोळ
मला कुठल्या व्याकरणात भेटली नव्हती.
शेजारची धारूरची म्हातारी कुजबुजली,
"पाज की गं घोटभर. कोण बघायलंय?"
अण्णा बघत होते. वाटीकडं.

अण्णा म्हणजे लिंबाजी पाणीवाले.
मिस्त्री नव्हेत;
मिस्त्री हिशोब करून गेला की मागं उरतो तो माणूस.
स्लॅब पडला की दुसऱ्या दिवशी वर चढायचे,
मातीचे बुटके बांध घालून छतावर तळी करायचे,
कॉलमला गोणपाट गुंडाळायचे,
आणि एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ पाइप.
आपल्यात भिंतीला पाणी घालत नाहीत, मारतात.
"पाणी मारून आलो," म्हणत दारात चपला काढायचे,
आणि विजारीच्या ओल्या कडा
चुलीपुढं धरून बसायचे.
आई माठ वाजवून दाखवायची :
जगाच्या भिंती भिजवता, हे बघा जरा.

त्यांच्या मजूर कार्डाचं भिजत घोंगडं
अजून कुठल्याशा कपाटात आहे.
कुणाचे तरी हात ओले केले असते तर
एव्हाना निघालं असतं.
अण्णा म्हणायचे, आपलं पाणी सिमेंटाला.

नळी काढली त्या रात्री चादर ओली झाली.
त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.
मी काही बोलले नाही. दुसरी अंथरली,
ओली पिळून जिन्यातल्या कठड्यावर टाकली.
त्यांनी बराच वेळ डोळे उघडले नाहीत;
मला अफरोजचं खाली घातलेलं डोकं आठवत राहिलं.

मग अंधारात : "काय करायलीस?"
"ओठ ओले करायलेय, अण्णा."
"क्युरिंग," ते म्हणाले. "किती दिवस?"
"सिस्टर म्हणतात, अजून एक."
"एका दिवसात काय होतंय. एकवीस लागतात."

हा शब्द मी त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलेय.
बी.ए.ला त्याचा अर्थही पाठ केला होता : बरं करणं.
पण माझी डिक्शनरी आणि त्यांचा पाइप
कधी एका खोलीत आले नव्हते.
मी विचारलं, "अण्णा, क्युरिंग म्हणजे काय, ठाऊक आहे का?"
"न ठाऊक असायला काय झालं?
भेगा पडू नयेत म्हणून करतात ते."

खालच्या ओठाला दोन होत्या. डावीकडची खोल.

चारच्या सुमाराला बोळा कोरडा लागला.
प्रयागचं बरोबर होतं.
मी वाटी पुढं ओढली.